न टिकणारी बिअर टिकेल का?

बॉस्टनला राहणारा माझा मावसभाऊ एका फेब्रुवारीत पुण्याला आला, तेव्हा सामानातून बिअरचे दोन कॅन घेऊन आला. अर्ध्या लिटरला थोडे कमी, चकचकीत, आणि त्याच्या मते ‘सध्या तिकडे ज्याच्यासाठी रांगा लागतात ते’. पहिला कॅन त्याच संध्याकाळी उघडला. पेल्यात जे उतरलं ते बघून आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. पायरीच्या रसात पाणी घालावं तसा पिवळा, दुधट रंग. पेल्याच्या पलीकडे धरलेलं बोटही दिसेना. वास मात्र विलक्षण होता: नुकती सोललेली संत्र्याची साल, पपनस, अननस, मागे थोडासा पिकल्या आंब्याचा. माझी बायको बिअरला ‘कडू पाणी’ म्हणते आणि शिवत नाही. तिने एक घोट घेतला, थांबली, आणि पेला माझ्याकडे परत न देता स्वतःपुढे ठेवला.

दुसरा कॅन ‘नंतर पिऊ’ म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटात मागे सरकवला आणि विसरलो. मार्च, एप्रिल, मे गेले. जूनच्या पहिल्या पावसात तो हाती लागला. त्याच ब्रूअरीचा, त्याच दिवशी भरलेला कॅन. पेल्यात उतरली ती चिंचेच्या कोळाच्या रंगाची बिअर. वास ओल्या पुठ्ठ्याचा. फळं कुठल्या कुठे गेलेली, चव गोडसर आणि मेलेली. दोन घोटांनंतर बेसिनमध्ये ओतली.

या प्रकरणाचा प्रश्न त्या दोन कॅनमध्ये आहे. या बिअरला ‘हेझी आयपीए’ म्हणतात, किंवा जन्मस्थानावरून ‘न्यू इंग्लंड आयपीए’. गेल्या दोन दशकांत क्राफ्ट बिअरच्या जगात जेवढ्या नव्या शैली आल्या, त्यांत सर्वांत मोठी लाट हिची. लाट म्हटली की ओसरणं आलंच, आणि नव्याचे नऊ दिवस हा अनुभव आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे. मग ही टिकेल का? मराठीत ‘टिकणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वस्तू न बिघडता राहणं, आणि रीत काळाच्या ओघात राहणं. हेझी आयपीए पहिल्या अर्थाने टिकत नाही, हे माझ्या कपाटाने सिद्ध केलं. दुसऱ्या अर्थाचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

वॉटरबरीचा पूर

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला व्हरमाँट नावाचं डोंगराळ, दूधदुभत्याचं राज्य आहे. तिथल्या वॉटरबरी या पाचेक हजार वस्तीच्या गावात 2003 साली जॉन आणि जेन किमिक या जोडप्याने ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब काढला. बिअर तळघरात बनायची आणि वर विकली जायची. जॉन त्याआधी बर्लिंग्टन शहरातल्या व्हरमाँट पब अँड ब्रूअरीत ग्रेग नूनन यांच्या हाताखाली शिकला होता. नूनन हे त्या भागातल्या ब्रूअर मंडळींचे गुरू. जॉन वापरायचा त्या यीस्टचा वाणही त्यांच्याकडूनच आलेला. गुरूकडून विरजण घेऊन शिष्याने आपलं दही लावावं, तसाच हा प्रकार.

या पबमध्ये जॉनने ‘हेडी टॉपर’ नावाची 8 टक्के अल्कोहोलची बिअर बनवायला सुरुवात केली. गाळलेली नव्हती, नितळ नव्हती, पण हॉप्सच्या सुगंधाने भरलेली होती. गावकऱ्यांना आवडली, मग पंचक्रोशीला कळलं. 28 ऑगस्ट 2011 रोजी ‘आयरीन’ हे वादळ व्हरमाँटवर आलं, नदी गावात शिरली आणि पबचं तळघर पाण्याखाली गेलं. नशिबाने किमिक जोडप्याने गावातच उंचावर कॅन भरण्याचा छोटा कारखाना उभारत आणला होता. पुरानंतर दोनच दिवसांत तिथून पहिले कॅन बाहेर पडले. तोवर ज्या बिअरसाठी वॉटरबरीच्या पबमध्ये बसावं लागायचं, ती आता गाडीच्या डिकीत घालून नेता येऊ लागली. माणसं शेकडो किलोमीटरवरून येऊ लागली. गाड्यांची इतकी गर्दी झाली की 2013 साली किमिक जोडप्याने कारखान्यातलं विक्रीचं दुकान बंद केलं.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ट्री हाउस’ आणि ‘ट्रिलियम’, व्हरमाँटमध्येच ‘हिल फार्मस्टेड’ अशी नावं पुढे आली. प्रत्येकाने आपापली दुधट, फळांच्या वासाची बिअर काढली, आणि प्रत्येकाच्या दारात रांग लागली.

कोथिंबीर कधी घालायची?

या बिअरमध्ये नेमकं वेगळं काय आहे, हे समजायला स्वयंपाकघराचं ज्ञान पुरतं.

बिअरचा पाया म्हणजे माल्ट. बार्लीला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरांना ही कृती वेगळी सांगायला नको. मोड आल्यामुळे धान्यात जे एन्झाइम जागे होतात, ते गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात. तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. यीस्ट साखर खातं. अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड मागे ठेवतं.

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. त्यांत दोन गोष्टी असतात: कडू राळ आणि सुगंधी तेलं. राळेतली अल्फा आम्लं तास-दीड तास उकळली की रूप बदलतात, पाण्यात विरघळतात आणि बिअरला कडवटपणा देतात. पण तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. आमटीत कोथिंबीर पहिल्या उकळीलाच टाकली तर तिचा वास राहत नाही. आमटी उतरवल्यावर वरून पेरली तर घमघमते. हेझी आयपीए म्हणजे सगळी कोथिंबीर वरून. उकळताना हॉप्स जवळजवळ नाहीत. आच बंद केल्यावर थोडे, आणि बिअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर ढिगाने. म्हणून सुगंध प्रचंड आणि कडवटपणा नाममात्र.

त्याला साथ ओट्स आणि गव्हाची. त्यांतल्या प्रथिनांमुळे तोंडात बिअर मऊ, सायीसारखी लागते. हीच प्रथिनं हॉप्समधल्या पॉलिफेनॉल्सना धरून राहतात आणि त्यांचे बारीक कण बिअरमध्ये तरंगतात. तो दुधटपणा मुख्यतः यातून येतो. पाण्यातही क्लोराइडचं प्रमाण सल्फेटपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे चवीची धार बोथट होते. याच सुमारास हॉप्सचे नवे वाणही आले. अमेरिकेचे सिट्रा आणि मोझॅक, ऑस्ट्रेलियाचा गॅलॅक्सी, न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन. आंबा, पॅशनफ्रूट, लिंबूवर्गीय फळं, पांढरी द्राक्षं असे वास या फुलांमध्येच आहेत. माझ्या पहिल्या कॅनमध्ये फळाचा एक थेंब नव्हता. पपनस होतं ते हॉप्सचं.

ही रचना कशाला उत्तर होती, तेही महत्त्वाचं आहे. तोवर अमेरिकन आयपीए म्हणजे पश्चिम किनाऱ्याची, कॅलिफोर्नियाची शैली: नितळ, कोरडी आणि दणकून कडू. ब्रूअर मंडळींची कडवटपणात चढाओढ लागली होती. त्या चढाओढीत रस असणारे त्यात रमले; पण कारल्याची भाजी पानात टाळणारे जसे असतात, तसे असंख्य लोक बाहेरच राहिले. त्यांना हॉप्सचा सुगंध हवा होता, कडवटपणा नको होता. तोवर एक घेतलं की दुसरं गळ्यात यायचं. हेझी आयपीएने ही गाठ सोडवली.

दोष नियमात बसला

गढूळ बिअर हा शतकभर दोष मानला गेला होता. स्पर्धांतले परीक्षक पेला उजेडात धरून नितळपणा तपासत. त्यामुळे ही शैली बराच काळ बिनपरवाना नांदत होती. मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनने आपल्या शैली-सूचीत ‘ज्यूसी ऑर हेझी’ नावाचे प्रकार दाखल केले. त्याच वर्षीच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये हेझी आयपीएच्या गटात 391 बिअर उतरल्या. सर्व गटांमध्ये सर्वाधिक. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा कंपनीने, जिची 1980 सालची पेल एल अमेरिकन क्राफ्ट बिअरचा पाया मानली जाते, त्याच वर्षी ‘हेझी लिटल थिंग’ देशभर उतरवली. वॉटरबरीच्या तळघरातली कल्पना सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये पोचली.

पण सूचीत नाव आलं म्हणजे टिकाव लागला, असं नाही. याचा पुरावा त्याच काळातल्या दुसऱ्या एका बिअरने दिला.

ब्रूट आयपीए: एका वर्षाचं राज्य

2017 च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या सोशल किचन अँड ब्रूअरीत किम स्टर्डव्हंट या ब्रूअरने एक प्रयोग केला. अॅमायलोग्लुकोसायडेज हा एन्झाइम यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही तोडतो. तो घातला की बिअरमध्ये साखर जवळपास उरतच नाही. निघालेली बिअर फिक्या सोनेरी रंगाची, भरपूर बुडबुड्यांची आणि हाडासारखी कोरडी होती. कोरड्या शॅम्पेनला ‘ब्रूट’ म्हणतात, म्हणून ही ब्रूट आयपीए. स्टर्डव्हंटने कृती मोकळ्या मनाने सगळ्यांना सांगितली. 2018 मध्ये ती अमेरिकाभर आणि बाहेरही पसरली. दुधट, गोडसर बिअरच्या लाटेला हे कोरडं, नितळ उत्तर आहे, असं बोललं जाऊ लागलं.

एक-दोन वर्षांत ती बहुतेक पबमधून नाहीशी झाली. नियमपुस्तकात तिला जागा मिळाली. घरगुती ब्रूअर आणि परीक्षक वापरतात त्या बीजेसीपीच्या 2021 च्या सूचीत ती ‘विशेष आयपीए’ म्हणून आहे. पेल्यात मात्र तिची जागा राहिली नाही.

का? स्टर्डव्हंटच्या कौशल्यात उणीव नव्हती. चांगली बनलेली ब्रूट आयपीए खरोखर सुंदर लागायची. पण ती कोणाची अडचण सोडवत होती? कोरडी, नितळ, तरतरीत बिअर हवी असणाऱ्याला उत्तम पिल्सनर आधीपासून उपलब्ध होती. साखरेचा आधार गेल्यामुळे हॉप्सची जराशी चूकही उघडी पडायची. नवशिक्या हातांतून निघालेली ब्रूट पातळ आणि करकरीत लागायची. लोकांनी कुतूहलाने एकदा घेतली. पुण्या-मुंबईच्या बारमध्ये पहिला पेला संपत आला की वेटर येऊन एकच शब्द विचारतो: “रिपीट?” बिअरच्या शैलीची सगळ्यात कठोर परीक्षा ती. पहिला पेला कुतूहलाने मागवला जातो. दुसरा मागवताना माणूस कोणाला काही दाखवायला जात नाही.

टिकलेल्यांची कुळकथा

ज्या शैली शतकभर किंवा अधिक टिकल्या, त्यांच्या मुळाशी प्रत्येक वेळी एखादी खरी गरज सापडते.

बोहेमियातल्या प्लझेन शहरात 1838 साली नागरिकांनी खराब बिअरची 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. बिअर कधी बरी, कधी आंबट. लोक वैतागले होते. त्यांनी मिळून नवी ब्रूअरी उभारली आणि बव्हेरियातून योजेफ ग्रोल नावाचा ब्रूअर बोलावला. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्याने पहिला घाणा लावला. थेट धुराऐवजी गरम हवेवर वाळवलेलं फिकं माल्ट, तिथलं अतिशय मृदू पाणी, झाटेक परिसराचे हॉप्स, बव्हेरियाचं थंडीत काम करणारं यीस्ट. निघाली ती सोनेरी, नितळ पिल्सनर. तिने दर वेळी सारखी आणि न नासलेली बिअर मिळण्याची गरज भागवली. पुढे रेल्वे आली, 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं आली, आणि ती जगभर पोचली. किंगफिशरसह आपल्याकडच्या बहुतेक बाटलीबंद बिअर याच फिक्या लागरच्या कुळातल्या. नितळपणा हा बिअरचा सद्गुण ठरला, तोही मोठ्या अंशी हिच्यामुळेच.

लंडनच्या पोर्टरची गोष्ट आणखी बोलकी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ही गडद बिअर ओझी वाहणाऱ्या हमालांची, म्हणजे पोर्टर लोकांची होती. प्रचंड कढयांमध्ये करता येणारी, साठवून मुरवता येणारी, परवडणारी. तिच्या साठवणीची पिंपं इतकी मोठी झाली की 17 ऑक्टोबर 1814 रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या ब्रूअरीत 22 फूट उंचीचं एक पिंप फुटलं आणि त्या लोंढ्याने आठ जणांचे जीव गेले. पण पोर्टर टिकली ती अंग बदलत. हायड्रोमीटर हाती आल्यावर ब्रूअर मंडळींना कळलं की तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टातून जास्त साखर निघते. त्यांनी पाया फिका केला. रंग गेला. 1817 साली डॅनियल व्हीलरने कॉफीसारखं काळं भाजलेलं माल्ट पेटंट केलं, आणि रंग परत आला. विसाव्या शतकात ती जवळपास संपली. गिनेसनेही 1970 च्या दशकात आपली पोर्टर बंद केली. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने आणि इंग्लंडमधल्या काही छोट्या ब्रूअऱ्यांनी ती पुन्हा काढली. आजची पोर्टर हमालांच्या पोर्टरसारखी लागत नसणार. नाव आणि काळा रंग टिकला, बाकी पिढ्यांनी बदलत नेलं.

बेल्जियमच्या हूखार्डन गावातली गव्हाची पांढरी बिअर तर पुरती मेली होती. शेवटची ब्रूअरी 1950 च्या दशकात बंद पडली. त्याच गावात पिएर सेलिस हा दूध घालणारा माणूस राहायचा. लहानपणी तो त्या ब्रूअरीच्या शेजारीच वाढलेला. गावातली मंडळी ‘ती आपली बिअर पुन्हा मिळायला हवी’ म्हणायची. 1960 च्या दशकात त्याने ती घरी करून बघितली: गहू, धने, संत्र्याची वाळलेली साल. ती चालली, आणि आज जगभर चालते. ती हलकी आहे, कडू नाही, उन्हाळ्यात गोड वाटते. 2015 साली आलेल्या बिरा 91 च्या ‘व्हाइट’ने भारतातल्या तरुणांना गव्हाच्या बिअरची चटक लावली, तीही याच कारणाने.

आणि सगळ्यांनी मोठंच व्हायला हवं, असंही नाही. जर्मनीच्या बांबर्ग शहरात बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची ‘राउखबिअर’ आजही बनते. तिथल्या श्लेंकर्ला या घराचा उल्लेख 1405 सालापासून सापडतो. ही बिअर जगात कुठेही फॅशनमध्ये नाही. पण बांबर्गची माणसं ती रोज पितात, आणि तेवढ्यावर तिचं भागतं.

हेझीचं पत्रिकापठण

आता हेझी आयपीएकडे परत येऊ.

गरजेच्या कसोटीला ती उतरते. सुगंध हवा, कडूपणा नको, ही मागणी खोटी नव्हती. माझ्या बायकोने पेला परत केला नाही त्यातच ते आलं. रिपीटच्या कसोटीवर ती काठावर आहे. 8 टक्क्यांची, सायीसारखी जाड बिअर एका पेल्यात पोट भरते. म्हणूनच ब्रूअर मंडळींनी तिचे हलके अवतार काढले. 4-5 टक्क्यांच्या हेझी पेल एल आज ठिकठिकाणी मिळतात. पोर्टरसारखं अंग बदलणं सुरू झालं आहे, आणि माझ्या मते टिकण्याची याहून चांगली खूण नाही.

तिची खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली खर्चाची. 117 लिटरच्या एका अमेरिकन बॅरलमागे एक किलो, कधी त्याहून बरेच जास्त हॉप्स थंड बिअरमध्ये घातले जातात. साध्या लागरला याचा छोटासा अंश पुरतो. शिवाय एवढे हॉप्स स्पंजसारखी बिअर शोषून घेतात; टाकीच्या तळाशी हिरव्या गाळाबरोबर विकण्याजोगी बिअर फेकावी लागते. दुसरी अडचण ऑक्सिजनची. कॅन भरताना आत राहिलेला हवेचा अंशही पुरतो. हॉप्सची सुगंधी तेलं आणि पॉलिफेनॉल्स त्याच्याशी संयोग पावतात, आणि बिअर कापलेल्या सफरचंदासारखी काळवंडते. तापमान 10 अंशांनी वाढलं की असा बिघाड साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होतो. पुण्याच्या मे महिन्यात माझ्या कपाटात काय घडलं, त्याचं हे शास्त्र.

इथे तिच्या आडनावाकडे बघायला हवं. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रूअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला यायची. ब्रूअरी गोदीजवळ होती, आणि हिंदुस्थानकडे जाताना जहाजांत माल कमी असल्याने भाडं स्वस्त पडायचं. चार ते सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणं, पिंपांचं हेलकावणं. भरपूर हॉप्स घातलेली ती बिअर वाटेत नासायची नाही, लोणच्यासारखी मुरायची. मुंबईच्या धक्क्यावर उतरेपर्यंत ती निघाली त्याहून चांगली झालेली असायची. हॉप्सचं मूळ काम जपण्याचं होतं. आज तिचीच पणती हॉप्सचा मारा सोसून चार महिने पुण्याच्या कपाटात काढू शकत नाही. पणजी लोणच्याच्या बरणीतली होती. पणती परडीतलं फूल आहे.

मोदक आणि नीरा

मग जी वस्तू चार महिने टिकत नाही, ती चार पिढ्या कशी टिकेल? मला याचं उत्तर आपल्याच घरात सापडतं.

उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी खाण्यासारखा राहत नाही. पारी कडक होते, सारण पाणी सोडतं. नीरा तर त्याहून नाजूक. पहाटे उतरवायची, गार ठेवायची आणि ऊन चढायच्या आत प्यायची, नाही तर ती आंबू लागते. पण मोदकाची परंपरा गेली नाही, आणि नीरा केंद्रापुढे आजही सकाळी माणसं उभी असतात. कारण मोदक टिकवायचा नसतोच. तो दर चतुर्थीला पुन्हा वळायचा असतो. तो वळणारे हात गल्लोगल्ली आहेत, म्हणून तो आहे. जी वस्तू फळीवर राहत नाही, तिला तिच्या जवळ राहणाऱ्या हातांची गरज असते. हात राहिले की ती राहते. आणि ज्या वस्तूला फळीवर राहता येत नाही पण फळीवर ठेवूनच विकायचा हट्ट धरला जातो, तिची चव आणि पत दोन्ही जातात.

हेझी आयपीएचं भवितव्य मला असंच दिसतं. सुपरमार्केटच्या उजेडात महिनोन्महिने उभ्या कॅनमध्ये तिचं राज्य फार काळ चालणार नाही. त्या वाटेवर ती हळूहळू अधिक नितळ, अधिक साधी होत जाईल. पण जिथे टाकी आणि पेला यांच्यात एका भिंतीचं अंतर आहे, तिथे ती राहील. वॉटरबरीच्या तळघरात ती अशीच जन्मली होती.

म्हणूनच मला ती महाराष्ट्रात परकी वाटत नाही. 2009 साली पुण्यात ‘डूलॅली’ सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी. तिचं नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरून इंग्रजीत रुळलेल्या शब्दाचं. नंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशा पुण्याच्या ब्रूअऱ्या आल्या, मुंबईला गेटवे आली, गोव्यातही क्राफ्ट ब्रूअऱ्या उभ्या राहिल्या. मायक्रोब्रूअरीत बिअर जिथे बनते तिथेच प्यायली जाते. हॉप्स मुख्यतः परदेशातून आणावे लागतात, ते महाग पडतात, आणि म्हणून इथल्या यादीत गव्हाच्या बिअरचं पारडं जडच राहील. पण जिचं सगळं सौंदर्य ताजेपणात आहे अशा बिअरला याहून योग्य घर नाही.

त्या जूननंतर काही महिन्यांनी आम्ही दोघं पुण्यातल्या एका ब्रूअरीत गेलो. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या, एकीच्या तोटीला बारीक थेंब लोंबत होता. त्या टाकीतली दुधट पेल एल आमच्या पेल्यात आली तेव्हा तिला तयार होऊन आठवडाही झाला नव्हता, असं ब्रूअर सांगत होता. बायकोने वास घेतला आणि म्हणाली, “फेब्रुवारीतली.” गप्पांमध्ये पेले कधी रिकामे झाले कळलं नाही. वेटर आला. “रिपीट?” मी यादी चाळत काहीतरी वेगळं बघत होतो. तिने यादीकडे न बघता मान हलवली.